उल्हासच्या ओठांवर काय होतं

उल्हास गेल्याची बातमी मोबाइलवर आली आणि मी तिच्याखाली अंगठा उमटवला. तोच तो, पिवळा, उभा, ‘समजलं, ठीक आहे’ म्हणणारा. आमच्या मालिकेचा एक ग्रुप होता. त्यावर सकाळी जे काही येई, म्हणजे शूटिंग चोपड्याला आहे, पांढरा सदरा घेऊन यावा, काल नेलेली मिशी परत करावी, त्याला न वाचताच अंगठा द्यायची मला सवय जडली होती. जरा वेळाने शीतलचा फोन आला. शीतल म्हणजे आमच्या मालिकेची संकलक, डिचोलीच्या बाजारात तिची एडिटिंगची खोली आहे. म्हणाली, “मास्तर, मेसेज वाचलात?” मी म्हटलं, “वाचला तर. किती वाजता यायचं?” ती हळूच म्हणाली, “उल्हासकाका पहाटे झोपेतच गेले, मास्तर.” फोन ठेवून मी आधी तो अंगठा पुसायला गेलो, तर त्याच्या जागी हसरा चेहरा बसला. उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी. डिचोलीहून चोपड्याला उल्हासच्या घरी पोचेपर्यंत बसमध्ये तो चेहरा पुसायची खटपट करत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या खटपटीपायीच वाटेत मला रडू आलं नाही.

उल्हास असता तर त्याने यावर मालिकेचा एक भाग काढला असता. माणसाच्या हातात नवं यंत्र आलं की माणूस कुठे हुशार होतो आणि कुठे गाढव होतो, हे बघत बसण्याचा त्याला नादच होता. तो गोव्यात पेडण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होता. त्या काळी गावागावांतले मुलगे बोटीवर नाहीतर आखातात. एक्स्चेंजमधल्या बाकावर त्यांच्या आया नवं लुगडं नेसून ट्रंक कॉलची वाट बघत बसत, जणू मुलगा तारेतून त्यांना बघणारच होता. उल्हास फोन जोडून द्यायचा आणि कान फिरवून घ्यायचा, पण डोळे कुठे फिरवणार? मला एकदा म्हणाला, “मास्तरा, बायल माणूस फोनार आदी रडता, मगे बोलता. बाप्या माणूस आदी बोलता आणि फोन ठेवल्यार रडता. मशीन खंयचाय असूं दे.” पुढे घरोघर फोन आले, मग खिशात आले, एक्स्चेंजमधला बाक कुणीतरी उचलून नेला, आणि शेवटी शेवटी तिथे एक कपाटाएवढं यंत्र एकटंच गुणगुणत असे आणि उल्हास त्याच्यासमोर बसून शब्दकोडं सोडवी. निवृत्त झाल्यावर त्याने ठरवलं की ह्या सगळ्याची एक टीव्ही मालिका करायची. नाव ‘कोण बोलता?’. आपल्याकडे फोन उचलल्यावर माणूस पहिलं हेच विचारतो. पणजीच्या एका छोट्या चॅनलने सहा भागांना होकार दिला, आणि उल्हासने मला सोबत घेतलं ते शास्त्रीय सल्लागार म्हणून. तो सल्ला त्याने कधी मागितला नाही, ही गोष्ट वेगळी.

चॅनलने संहिता मागितली, तेव्हा उल्हास गोंधळात पडला. पेडण्याचा माणूस, दशावतार बघत वाढलेला. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. तोंडाला रंग लावत बसलेल्या नटांना कंपनीचा मालक कथा सांगतो, कोण राजा, कोण राक्षस, कोण कुणाला मारणार, आणि पडद्याबाहेर आलं की ज्याने त्याने आपापलं बोलायचं. उल्हासने टीव्हीची मालिका अशीच काढली. सकाळी सगळ्यांनी भाजी-पाव खायचा, खाताना तो कथा सांगणार, पाव संपला की कॅमेरा सुरू. चॅनलच्या समाधानासाठी चित्रीकरण झाल्यावर मी टीव्हीसमोर बसून सगळ्यांची बोलणी कागदावर उतरवून काढी आणि वर ‘संहिता’ असं लिहून पाठवी. नाटक झाल्यावर नाटक लिहिणारा जगात मी एकटाच लेखक असेन. पण भाग मात्र जमून आले. हरमलला पाहुण्यांना खोल्या देणारी एक बाई, परदेशी पाहुणे मोबाइलवरून तिला तारे देतात, मग ती घरात सगळ्यांना तारे द्यायला लागते. सुनेच्या माशांच्या हुमणाला तीन, नवऱ्याच्या घोरण्याला एक. डिचोलीचा खाणीवरचा एक ट्रकवाला, त्याच्या गाडीला कंपनी यंत्र बसवते आणि तो झाडाआड उभा राहिला तरी ऑफिसातून फोन येतो, ‘थांबलास कित्या?’ ह्या भागात त्या यंत्राचा आवाज मी दिला आहे. उल्हास म्हणाला होता, “तुज्या आवाजात भावना नाय, तू मशीन कर.” मी इरेला पडलो आणि ‘पुढे डावीकडे वळा’ ह्या वाक्यात इतका जीव ओतला की त्याने कानावर हात ठेवले. “मास्तरा, ता मशीन. त्याची बायल पळान गेलली नाय.”

सहावा भाग उल्हासने स्वतःसाठी ठेवला होता. कथा अशी, की मुलगा बोटीवर आहे. त्याला रोज आईला फोन करायला जमत नाही, म्हणून तो एक यंत्र लावून देतो. ते यंत्र रोज संध्याकाळी हुबेहूब त्याच्या आवाजात आईशी बोलतं, जेवलीस का विचारतं, गुडघ्याची चौकशी करतं. आई खूश. बापाला एक दिवस कळतं की हा मुलगा नव्हे. पण बायकोचा चेहरा बघून तो तिला सांगत नाही. शेवटच्या दृश्यात तो एकटा सोप्यावर, म्हणजे ओसरीत, बसून खऱ्या मुलाला फोन लावतो आणि जे काही मनात आहे ते बोलतो. तो बाप उल्हास. चित्रीकरण त्याच्याच घरी, चोपड्याला, नदीकडे तोंड करून असलेल्या त्या जुन्या घराच्या सोप्यावर. युनिटमधले आम्ही सगळे कॅमेऱ्यामागे, दारात सुनंदावहिनी, म्हणजे उल्हासची पत्नी. ऊन कलायला लागलं होतं आणि कॅमेरामन घाई करत होता. नेमकी तेव्हाच शेजारच्या घरात भाड्याने राहणाऱ्या पाहुण्यांनी ढणढणा गाणी लावली, आणि त्यात पोदेर सायकलचा भोंपू वाजवत पाव विकायला आला. शीतल म्हणाली, “काका, आवाज गेला. हे सगळं स्टुडिओत पुन्हा बोलावं लागेल.” उल्हास म्हणाला, “बोलप मगे बघूया. उजेड असा तोवर मी तोंड हलयतंय, तुमी घेवा.” आणि कॅमेरा चालू झाला.

काय काम केलं त्याने... सुरुवातीला शांत. मग कपाळावर एक आठी. मग नजर समोर, लांब, कशावर तरी खिळलेली, ओठ भराभर हलताहेत, गळ्याची शीर फुगली आहे. मग डोळ्यांत एक अशी काकुळती आली की मी कॅमेऱ्यामागे उभा राहून हमसाहमशी रडलो. आणि शेवटी ओठ एकदा हलले, डोळे मिटले, मान खाली. कॅमेरामनसुद्धा ‘कट’ म्हणायला विसरला. चित्रीकरण संपल्यावर आम्ही त्याला विचारलं, काय बोललास रे? तो नुसता हसला. म्हणाला, “स्टुडिओत बोलतलंय, तेव्हा आयक.” स्टुडिओची तारीख ठरायच्या आधीच तो गेला.

शोकसभा पेडण्याला झाली. तीत मी त्या दृश्यावर बोललो. म्हणालो, त्या डोळ्यांत सगळ्या बापांचं दुःख होतं. म्हणालो, ‘माणूस हरला आणि यंत्र जिंकलं’ हे शब्दांवाचून सांगणारी ती नजर होती. लोक हळहळले. एका नाट्यमंडळाने त्या भाषणाची प्रत मागून नेली, आणि आता ती परत मागायला मला तोंड नाही.

मग एक दिवस चॅनलचे साहेब चोपड्याला आले. माणूस भला. येताना फळं घेऊन आले, उल्हासच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “वहिनी, शेवटचा भाग अडकलाय. पण उपाय आहे. उल्हासरावांचा निवेदनाचा आवाज बाकीच्या भागांत भरपूर आहे. तो कॉम्प्युटरला ऐकवायचा. मग आपण लिहून देऊ ते तो त्यांच्या आवाजात बोलेल. कुणाला फरक कळणार नाही.” ज्या भागात यंत्र माणसाचा आवाज काढतं, त्याच भागाला यंत्राने आवाज द्यायचा. मी तसं म्हणणार होतो, एक सणसणीत वाक्य जिभेवर आलंही होतं, पण वहिनींनी मान वर केली.

“म्हणजे मी सांगीन ता हे बोलतले?”

“बोलतील, वहिनी. तुम्ही फक्त हो म्हणा.”

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. साहेब गेल्यावर सोप्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि पदराचं टोक दुमडत, उलगडत राहिल्या. “मास्तरानु, माका मोठा कायएक नको. एक शब्द व्हयो. भायर पडताना हे कायम ‘येतंय गे’ म्हणीत. पोदेराकडसून पाव हाडूक गेले तरी. पुलावर वारा खावक गेले तरी. आणि त्या दिसा न सांगताच...” थोडं थांबून म्हणाल्या, “बाकी बोलणा तुमी लिवा. फकत अखेरीक तेवढा एक घाला. इतक्या मशिनी करतत, एक शब्द नाय करूक जावचो?”

नको म्हणावं तर कुठल्या तोंडाने म्हणावं? उल्हासच्याच कथेतला बाप खोटा आवाज चालू देतो, कारण त्याला बायकोचा चेहरा बघवत नाही. हो म्हणावं, तर ज्या माणसाने जन्मात दुसऱ्याचं लिहिलेलं वाक्य तोंडात घेतलं नाही, त्याच्या तोंडात मी शब्द कोंबणार. मी ‘बघतो’ म्हणून उठलो, आणि पुढचे काही दिवस माझं ढुंगण कुठल्याही खुर्चीला टेकलं नाही. लिहायला बसावं, तर बाप मुलाला सांगायला लागे, ‘बाळा, तंत्रज्ञान हे दुधारी शस्त्र आहे.’ फाडून टाकावं, पुन्हा लिहावं, तर तोच बाप आता निबंधाचा समारोप करू लागे. फिरायला म्हणून बाजारात गेलो, तर टीव्हीच्या दुकानात भिंतभर टीव्ही, सगळे मुके, सगळ्यांत माणसं तोंड हलवताहेत. मी तिथे उभा राहून एकेकाला वाक्यं पुरवायला लागलो, जरा मोठ्यानेच असावं, कारण दुकानदार बाहेर आला. “मास्तर, टीव्ही घेवचो असा काय?” नाही म्हणायची लाज वाटली म्हणून एक रिमोट घेऊन घरी आलो. तो आमच्या टीव्हीला लागत नाही.

शेवटी शीतलचा निरोप आला. चॅनलला उत्तर हवं होतं. म्हणाली, “मास्तर, काहीही लिहा, पण ओठ कुठे उघडतात, कुठे मिटतात त्याला ते बसायला हवं. मूळ आवाज थोडा तरी ऐकू यायला पाहिजे. गोंगाट पुसायचं एक सॉफ्टवेअर आहे. बघूया काय उरतं ते.” वहिनींना मी सांगितलं, तुम्ही येऊ नका, त्रास होईल. त्या आल्याच. डिचोलीतल्या त्या लहानशा खोलीत शीतल मध्ये, तिच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला माझं शोकसभेतलं भाषण हुंदक्यासारखं घशात घेऊन मी.

आधी पडद्यावर उल्हास आणि सगळा गोंगाट. शीतलने काहीतरी दाबलं, गाणी विझली. आणखी काहीतरी दाबलं, पोदेराचा भोंपू विझला. आणि एखाद्या पाण्याच्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा, पण नक्की त्याचाच, उल्हासचा आवाज वर आला. मी डोळे मिटून घेतले. बाप मुलाला काय सांगतो ते मला आता कळणार होतं.

“सुनंदा...” आवाज म्हणत होता. “गो सुनंदा... फाटी बघ... चाय वर इली... चाय बघ गो...” मी डोळे उघडले. पडद्यावर कपाळावर आठी चढत होती. “दारात कित्या उभी... चाय उतू जाता... सांगा रे तिका कोणतरी...” ओठ भराभर, गळ्याची शीर फुगलेली. “तो मास्तर बघ, तो रडता थंय... अरे गाढवा, रडतंस कित्या, गॅस बंद कर...” आणि मग ती काकुळती, ती सगळ्या बापांची काकुळती डोळ्यांत दाटून आली. “गेली... गेली मरे... सगळी गेली.” डोळे मिटले. मान खाली.

त्या घराची रचना मला आठवली. सोप्यावर बसलं की उघड्या दारातून नजर थेट स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत जाते. वहिनी आम्हा सगळ्यांसाठी चहा ठेवून शूटिंग बघायला दारात आल्या होत्या, शेगडीकडे पाठ करून. कॅमेरा चालू, उजेड जाणारा, शेजारी गाणी. उल्हास हात करू शकत नव्हता, उठू शकत नव्हता. आवाज तसाही जाणार आहे हे माहीत असलेला तो एकटाच नट, तोंडावर बापाचं सोंग तसंच ठेवून बायकोला हाका मारत बसला होता.

वहिनी आधी हसल्या की आधी रडल्या, मला सांगता येणार नाही. उल्हासचं ते बायका-पुरुषांचं शास्त्र त्या दिवशी काही उपयोगी पडलं नाही. पदर तोंडावर धरून त्या बराच वेळ हलत होत्या. मग म्हणाल्या, “त्या दिसा मी ह्यांका केवढा बोललंय. सगळी शेगडी भरली, चायचा भांडा जळान काळा झाला. म्हटलंय, समोर बसान बघी होतात, तोंड उघडूक काय झालेला? हे गप. नुसते हसत ऱ्हवले.” आणि शीतलकडे वळून, “परत लाय गो.” शीतलने परत लावलं. मग आणखी परत.

शेवटी तिने विचारलं, “काकी, ते ‘येतंय’... कुठे घालू?”

“नको.”

“साहेब विचारतील.”

“विचारूं दे. हे सांगी होते. मीच फाटी वळान बघूक नाय. आता ह्यांच्या तोंडात माजो शब्द कित्या घालू?” एवढं बोलून त्यांनी पदर नीट केला. त्या एका शब्दासाठी त्या काय काय देऊन टाकायला तयार होत्या ते मला माहीत होतं. तो समोर ताटात वाढलेला त्यांनी बाजूला सारला, आणि सारल्यावर काही क्षण त्यांचा हात टेबलाच्या कडेवर तसाच राहिला.

साहेबांनी खूप समजावलं. कथेचं काय, प्रेक्षकांचं काय. मधला मार्ग शीतलने काढला. काही पुसायचं नाही, काही घालायचं नाही. सहावा भाग येत्या पंधरवड्यात लागेल तो आहे तसा लागेल, शेजाऱ्यांच्या गाण्यांसकट, पोदेराच्या भोंप्यासकट. म्हातारा बाप बोलेल आणि जगाच्या गोंगाटात त्याचा शब्द तुम्हाला ऐकू येणार नाही. तेव्हा कृपा करून टीव्हीला थापटा मारू नका. आणि हो, त्या नजरेत काय आहे हे मी इथे सांगून बसलो आहे, म्हणजे दृश्याची वाट लावलीच. पण मला सगळं माहीत असूनही परवा मी तो भाग पुन्हा पाहिला आणि त्याच जागी पुन्हा डोळे पुसले. मग शोकसभेत मी जे बोललो ते चूक होतं की बरोबर? उतू जाणाऱ्या चहासाठी माणसाचे डोळे इतके भरून येऊ शकतात का? की तो चहा बघता बघता खरोखरच मुलाशीही बोलत होता? विचारायला तो नाही. मी अजून खुर्चीत नीट बसत नाही ते ह्यामुळे.

गेल्या आठवड्यात चोपड्याला जाऊन आलो. वहिनींनी मला स्वयंपाकघरातच बसायला लावलं आणि चहा ठेवला. भांडं नवं होतं. मग त्यांनी मोबाइल फळीवर उभा करून एक बटण दाबलं. शीतलने त्यांना तो पुसलेला आवाज पाठवलाय, नुसता आवाज, चित्र नाही. मला एकदम चरकल्यासारखं झालं. हीच ती बाई, जिने यंत्राचा शब्द नाकारला. आणि हीच आता रोज... बोलावं की बोलू नये, ह्या विचारात मी पाण्याचा तांब्या दोनदा उचलून दोनदा खाली ठेवला. चहा कडेला लागून फसफसत वर चढत होता. फळीवरून उल्हास म्हणत होता, “सुनंदा... चाय बघ गो...”

“बघतंय,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी गॅस बारीक केला.